टिटवीची खडी आणि माझे गेरूचे दगड

टिटवीनं केळकर काकांच्या टोपीवर दुसऱ्यांदा झडप घातली तेव्हा मी करंजाखालचा पाला गोळा करत होते. काका दोन्ही हात डोक्यावर धरून माझ्यापर्यंत आले.

"अहो बाई, तो पक्षी तुमच्या बागेचा का?"

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते माझं मलाही कळलं नाही.

"सदाशिव पेठेत अख्खा जन्म गेला माझा. तिथं कोणी टोपीला हात लावला नाही. मुलाच्या हट्टापायी इकडं राहायला आलो, तर हे. समज द्या त्याला."

मी बरं म्हटलं. मला लोकांशी बोलायला जमत नाही. बागेत काम मिळालं तेव्हा पगारापेक्षा याचाच आनंद जास्त झाला होता, की झाडं काही विचारत नाहीत.

आमची बाग तळ्याला लागून आहे, धायरीच्या अलीकडं. वैशाखात तळ्याचं पाणी मागं सरकतं आणि कडेला चिखल उघडा पडतो. त्यात वंचक बगळा उभा असतो. मातीच्या रंगाचा, बसला की दिसत नाही, उडाला की एकदम पांढराशुभ्र. खंड्या वाळुंजाच्या वाकलेल्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो. बहावा पिवळा झालेला असतो, तामणाला जांभळे तुरे येतात. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळं ही नावं मला बागेतच मिळाली. काही झाडांवरच्या पाट्यांवरून, काही रविवारच्या मॅडमकडून. या मॅडम दर रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन येतात आणि बरोबरच्या लोकांना झाडं, पक्षी दाखवतात. मी खराटा घेऊन त्यांच्या आसपासच झाडत असते. त्यांना वाटत असेल, ही जागा फारच घाण होते.

काका गेल्यावर मी टिटवी कुठं उतरते ते बघत उभी राहिले. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. त्या वेळी तळ्याच्या कडेनं नवा वॉकिंग ट्रॅक करायचं काम चालू होतं. आम्ही खडी पसरून ठेवली होती. तिच्यावर मुरूम टाकायचा आणि रोलर फिरवायचा, म्हणजे ट्रॅक तयार. आमची ती खडी टिटवीला पसंत पडली होती. मी अगदी जवळ गेले तरी अंडी दिसली नाहीत. मग दिसली. चार. मातकट, वर काळे ठिपके. खडीत खडी होऊन पडली होती.

आमचे मुकादम म्हणजे बागेतल्या कामगारांना काम वाटून देणारे. ते टाकीजवळ बसले होते.

"मुकादम, टिटवीनं अंडी घातलीत. ट्रॅकवर."

"कुणाला विचारून?"

मी हातातला खराटा खाली ठेवला.

"शालनताई, रोलर ठेकेदाराचा आहे. तो काय टिटवीसाठी थांबणार आहे?" त्यांनी चहा संपवला. "गेटच्या बाजूनं सुरू करायला सांगतो. तळ्यापर्यंत यायला त्याला वेळ लागेल. तोवर आटपा म्हणावं तिला."

एवढं झालं तरी पुष्कळ होतं. पण रोलर यायच्या आधी कुणाचा पाय पडला तर? सकाळी फिरणारी माणसं खाली कुठं बघतात? कानात गाणी असतात. तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि त्या वेळी ती फार चांगली वाटली.

माझ्याबरोबर काम करणारी रेखा आणि मी त्या दिवशी झाडांना गेरू लावत होतो. गेरू म्हणजे लाल माती. पाण्यात कालवून बुंध्याला लावायची, वर चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचा. वाळवी चढत नाही आणि बाग नेटकी दिसते. चुना संपला होता, गेरू बादलीत उरला होता. मी तळ्याकाठचे गोल गोल दगड वेचले, गेरूत बुडवले, सावलीत वाळवले आणि टिटवीच्या शिव्या खात अंड्यांभोवती गोल मांडले. लांबूनही उठून दिसत होते. रेखा म्हणाली, "झकास!" आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी गेटातून आत आले तर उदबत्तीचा वास.

दगडांवर झेंडूची फुलं होती. हळदकुंकू होतं. एक नारळ होता. आणि भोवती पंधरा-वीस माणसं हात जोडून उभी होती. टिटवी वर गोल गोल फिरत ओरडत होती.

"बघा," एक बाई शेजारणीला सांगत होत्या, "पक्षीसुद्धा प्रदक्षिणा घालतोय."

"काल नव्हती हो ही जागा. रात्रीत प्रकटली."

रेखानं माझ्याकडं बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला हसूही येईना. माझं माहेर येरवड्याचं, आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडं देव्हारा नाही. आणि तळ्याकाठी देव मांडून बसले होते मी.

टिटवी ओरडून थकली आणि लांब जाऊन पाण्यात बसली. मला वाटलं, अंडी टाकून गेली. रविवारच्या मॅडम जवळच उभ्या होत्या. मी आपणहून त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"मॅडम, ती गेली का?"

"नाही गेली. पोट भिजवतेय बघा. ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी गार राहतात. पण तिला उतरायला जागा तर हवी. ऊन चढलं ना, तर अंडी खडीवर भाजून निघतील."

"तुम्ही सांगा ना लोकांना."

"सांगितलं. मला म्हणाले, तुम्ही तुमचे पक्षी बघा, आम्हाला आमचा देव बघू द्या."

तेवढ्यात मुकादम आले. गर्दी बघितली, दगड बघितले, मग माझे हात बघितले. गेरू नखांतून लवकर जात नाही.

"ताई, देव तुम्ही बसवलाय. तुम्हीच उठवा."

"मला नाही जमायचं. तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर भांडण होईल. माझा आवाजच तसला आहे."

ते खरं होतं. मी गर्दीपाशी गेले. "अहो," म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं. एका माणसानं मागं वळून मला वाट करून दिली. त्याला वाटलं, मला दर्शन घ्यायचंय. अशी मी अगदी पुढं जाऊन पोचले. खडीवर हात ठेवला तर ती तापायला लागली होती.

पुढं धायरीच्या गावातल्या एक आजी बसल्या होत्या. हातात ताट. कुंकवाची बोटं पुढच्या दगडाकडं चाललेली. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले. वीस माणसांशी बोलायचं नव्हतं, एकीशीच बोलायचं होतं. मी त्यांच्या कानाशी म्हटलं,

"आजी, आत बाळंतीण आहे."

आजींचा हात थांबला. "कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, पुढं वाकून डोळे बारीक केले आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग दिसली.

"अगं माझे आई! अन् मघाधरनं वरडत होती ती?"

"ती आईच. ऊन लागतंय अंड्यांना, पण गर्दीमुळं तिला येता येईना."

आजी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्यांच्याएवढा आवाज मी आजवर कुठल्या बाईचा ऐकला नाही.

"ए, सरा मागं! बाळंतिणीच्या खोलीत अशी जत्रा भरवत्यात का? कुणी शिकवलं तुम्हास्नी? ए गॉगलवाल्या, तो फोन खिशात घाल. घाल म्हणते ना!"

"आजी, पण देवी..."

"देवीच हाय. म्हणून सांगते, दर्शन बंद. चल, त्या झाडाखाली हो."

सगळे करंजाच्या सावलीत गेले. जाताना एकानं उदबत्ती विझवून नेली. मघाची प्रदक्षिणावाली बाई म्हणाली, "मी म्हणतच होते, काहीतरी आहे इथं."

मग टिटवी आली. एकदम अंड्यांवर उतरली नाही. लांब उतरली, चार पावलं चालली, थांबली, कुठं दुसरीकडंच काम असल्यासारखी बघत राहिली. परत चार पावलं. दगडांच्या आत शिरली, पोटाची ओली पिसं फुलवली आणि हळूच खाली बसली. मॅडमनी दुर्बीण आजींच्या हातात दिली.

"अगं बया," आजी कुजबुजल्या, "डोळ्यापाशी लाल हाय तिच्या. कुंकू लावून बसलीया."

मग दुर्बिणीसाठी रांग लागली. त्याच रांगेत मीही उभी राहिले. इतकी वर्षं बागेत काम करून मी दुर्बिणीतून पहिल्यांदाच बघत होते. टिटवीचे पिवळे पाय, काळी मान, भिजलेलं एकेक पीस. ती माझ्याकडंच बघत होती असं वाटलं. मागचा माणूस म्हणाला, "ताई, आमचा नंबर," तेव्हा मी दुर्बीण सोडली.

नारळ मुकादमांनी फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. संध्याकाळी नवा चुना आला. मी आजींना विचारलं, "दगड पांढरे केले तर चालतील का?"

"कर की. बाळंतिणीच्या खोलीला चुना देत्यातच."

रेखानं माझ्या डोक्यावर घमेलं धरलं आणि मी दगड पांढरे केले. घमेल्यावर टिटवीचे फटके बसत होते आणि आम्ही दोघी हसत होतो. दुसऱ्या दिवसापासून कुणी हात जोडले नाहीत. बागेचं काहीतरी काम असेल म्हणून लोक बाजूनं जाऊ लागले.

आजी मात्र रोज येऊ लागल्या. समोरच्या बाकावर बसून पळणाऱ्यांना दटावायच्या. केळकर काकाही यायचे, छत्री उघडून.

"छत्री मिटा, ती भित्या," आजी म्हणायच्या.

"ती भिते? अहो, भितो मी!"

तिकडं रोलर गेटाकडून सरकत होता. रोज त्याचा आवाज थोडा जवळ यायचा. मी रोज सकाळी आल्याआल्या लांबूनच बघायची. अंडी तशीच.

शेवटी रोलर तळ्याच्या वळणापर्यंत आला. त्या सकाळी आजी बाकावरून उठून माझ्याकडं आल्या. "हललं गं!"

एका अंड्याला भोक पडलं होतं. आतून इवलीशी चोच ढोसत होती. मी मुकादमांकडं धावले. धावता धावताच ओरडले, "मुकादम, थांबवा!" माझा एवढा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. रोलरवाल्यानंही ऐकला आणि इंजिन बंद केलं.

"किती वेळ थांबू?" त्यानं विचारलं.

मुकादमांनी घड्याळाकडं न बघता जाहीर केलं, "जेवणाची सुट्टी."

"साहेब, आत्ता तर आलोय."

"मग भूक लागली नसेल. बसून राहा."

तीन पिल्लं निघाली. ओली, केविलवाणी. थोड्या वेळात सुकली आणि कापसाला पाय फुटावेत तशी उभी राहिली. चौथं अंडं ढिम्म. रोलरवाला आधी कुरकुरत होता, मग आमच्यातच येऊन उभा राहिला. "येईल, येईल," तोच म्हणायला लागला. केळकर काकांनी छत्री आडवी धरून ट्रॅक अडवला होता. पळत येणाऱ्यांना सांगत होते, "पुढं जायचं नाही. कारण विचारू नका."

चौथंही आलं. टिटवीनं वेगळाच, बारीक आवाज काढला आणि तळ्याकडं चालायला लागली. पिल्लं मागं. माझा एक पांढरा दगड आडवा आला तेव्हा शेवटच्या पिल्लानं तो चढून उतरायचा प्रयत्न केला, पडलं, आणि शेजारच्या फटीतून गेलं. चिखलावर पोचली आणि दिसेनाशी झाली, इतकी मातीच्या रंगाची. आजींनी कानशिलावर बोटं मोडली. केळकर काकांनी आनंदानं छत्री मिटली. त्याच क्षणी तळ्यावरून आलेल्या नर टिटवीनं त्यांची टोपी उडवली.

"कृतघ्न," काका म्हणाले, आणि टोपी झटकून हसले.

दुपारी रोलर फिरला. ट्रॅक चांगला झाला आहे. पांढरे दगड मी तामणाच्या आळ्याभोवती लावले. रविवारी मॅडम आल्या की आता मी खराटा सामानाच्या खोलीतच ठेवते आणि दुर्बिणीच्या रांगेत उभी राहते.

गेरू अजूनही मीच कालवते. पण जमिनीवर काही राखायचं असेल तर चुनाच लावते. दगड लाल केला की लोक हात जोडतात, आणि हात जोडलेला माणूस जागचा हलत नाही.