टोरंटोहून सोलापूरला किती तास लागतात

“तिला म्हणावं, इमान (विमान) अजून वरच हाय,” फाटकाशी उभी असलेली शेजारीण दुसरीला सांगत होती. मला पाहताच दोघी पुढे आल्या. एकीने रिक्षातून माझी बॅग उतरवून घेतली.

माझ्या मावशीचा मुलगा सुहासदादा टोरंटोत अपघातात गेला, त्याला पाच दिवस झाले होते. कागदपत्रांमुळे त्याला आणायला अजून आठवडा लागणार होता. मी तिथेच शिकते. मिळेल त्या विमानाने पुढे आले. टोरंटो ते मुंबई सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. समोरच्या पडद्यावर एक इवलेसे विमान नकाशावरून सरकत होते, उरलेले अंतर कमी होत होते. मध्ये एकदा विमान बदलून वीस तासांत मी मुंबईत उतरले. पुढे सकाळची गाडी. कुर्डुवाडी गेल्यावर उसाचे फड दिसू लागले.

मावशीच्या यजमानांनी, काकांनी, मला जिन्याखाली नेले. “तो शनिवारीच निघालाय असं सांगितलंय तिला. बीपी हाय तिला. त्याला हितं आणला की मग सांगू. तू तिकडं राहतीस, यायला लई दिवस लागतात म्हण. तुजं ती खरं मानंल.”

आज बुधवार होता.

आमच्याकडे घरात कुणी गेले की अंत्यसंस्कार होईपर्यंत चूल पेटवत नाहीत. इथे मात्र आमटी उकळत होती, शेंगाची चटणी कुटून ठेवली होती. मावशीला संशय येऊ नये म्हणून सगळे रांधले होते, पण कुणी घासही घेतला नव्हता. सकाळच्या भाकऱ्यांवर दुपारच्या भाकऱ्या रचलेल्या होत्या.

मावशी अंगणात बायकांच्या मधोमध बसली होती. “आलीस व्हय? बघ की तुजा दादा! बैलगाडीनं निघाला असता, तरी आतापातुर (आत्तापर्यंत) माढ्याला आला असता!”

बायका हसल्या. जरा जास्तच वेळ हसल्या.

तेवढ्यात वरून विमानाचा आवाज आला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकटी मावशी वर बघत राहिली, ते दिसेनासे होईपर्यंत.

मग तिने माझा हात धरला. भर दुपारी तिचा तळवा गार होता.

“तू बी तितनंच आलीस न्हवं? ह्यांचं कुणाचं खरं न्हाय. तुला किती तास लागलं, तेवढं सांग.”

दारात काका ‘नको, नको’ अशी मान हलवत होते. चार दिवस या सगळ्यांनी ते विमान या अंगणावर तरंगत ठेवले होते, आणि आता ते उतरवायचे माझ्यावर आले होते. मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

“वीस तास, मावशी,” मी म्हणाले. “मुंबईपर्यंत वीसच तास लागतात.”