मक्केतलं कार्ड आणि कळंबचं एटीएम

ती घटना आजही मला कुणी झोपेतून उठवून विचारली, तरी मी न अडखळता सांगेन. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका सुनेचं घर मोडायला निघालं होतं आणि आम्ही ते मोडू दिलं नाही. माझ्या सेवेत मोठे गुन्हे पुष्कळ झाले, शाबासक्याही मिळाल्या. पण छाती फुगवून सांगावी अशी केस कोणती, असं विचारलं की मी हीच सांगतो. माणसं अजून त्याच बाजारात आहेत, म्हणून नावं घेत नाही.

तेव्हा माझी नेमणूक जुन्नरला होती. एके सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती, ठाणे अंमलदार नवीन स्टेशन डायरी उघडून बसला होता आणि एक तिशीतला माणूस तावातावाने आत आला. बाजारपेठेत त्यांचं बांगड्यांचं जुनं दुकान. त्याचे वडील म्हणजे सगळ्या गावाचे चाचा. डोंगरातल्या गावांमधल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी त्यांच्या हातून बांगड्या भरल्या असतील. चाचा आणि चाची त्या वेळी उमराहच्या यात्रेसाठी मक्केला गेले होते. तिथे चाचांचं बँकेचं कार्ड एकाही दुकानात चालेना. बरोबरच्या यात्रेकरूंनी सांगितलं की परदेशासाठी ते चालू करून घेतलेलं नसेल. चाचांनी घरी फोन केला. हा धाकटा मुलगा बँकेत चौकशीला गेला, तर खातं जवळजवळ कोरडं पडलेलं. पैसे निघाले होते कळंब आणि मंचरच्या एटीएममधून. बँकेने ताबडतोब कार्ड बंद केलं, पण जायचं ते गेलं होतं.

"साहेब, कार्ड अब्बांच्या गळ्यातल्या पाकिटात हाय, मक्केत," तो म्हणाला. "आन् पैसं निघत्यात कळंबला. हे कसं व्हतं, ते मला ठावं हाय."

"कसं होतं?"

"भाभीनं दुसरं कार्ड काढून घेतलं. बँकेचं समदं तीच बघती. पिन अब्बांना आन् तिलाच म्हाईत. माहेर मंचरचं. आनखी काय पायजे?"

मोठा भाऊ पुण्याला नोकरीला होता, आठवड्याने यायचा. त्याच्याशी फोनवर बोलून घरात निर्णयसुद्धा झाला होता. आई-वडील परत यायच्या आत तिला माहेरी पोचवायची. तिची लहान मुलगी मात्र यांच्याकडे राहणार. तो हे मला एखाद्या बिलाची थकबाकी सांगावी तसं सांगत होता. मला त्याचा रागच आला, पण राग तोंडावर दाखवायचा नाही ही सवय होती.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक शिकलो होतो. घरातून आलेली खबर निम्मी खबर असते आणि निम्मी जुनी धुसफूस. मी अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल करून घेतला. त्याने 'अज्ञात'ऐवजी भाभीचं नाव लिहा असा आग्रह धरला. मी म्हटलं, "नाव पुराव्यानं लिहितात, आग्रहानं नाही."

एटीएमचं सीसीटीव्ही मागवलं. त्यात हेल्मेट घातलेला एक पुरुष. धाकटा म्हणाला, "ह्यो तिचा भाऊ. पक्का." निव्वळ हेल्मेटवरून माणूस ओळखणारा साक्षीदार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिचा भाऊ भीमाशंकरच्या रस्त्यावर जीप चालवायचा. त्या दिवसांत तो भाविकांना वर घेऊन गेला होता, हे स्टॅंडवरच्या पाच-सहा जणांनी सांगितलं. धाकट्याचं मात्र समाधान झालं नाही. भाऊ नसेल तर दुसरा कुणी तिचाच माणूस, असं त्याचं म्हणणं.

मग मी तिच्याकडे गेलो. महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या राहत्या जागी जायचं असतं. गल्लीला तमाशा नको म्हणून साध्या कपड्यांत गेलो, बरोबर आमच्या महिला हवालदार बाई. सून तिशीच्या आतली असेल. कपड्यांची पिशवी भरून दाराजवळ ठेवली होती. मुलगी तिच्या ओढणीला धरून उभी होती. मी आडवळणाने सुरुवात केली नाही.

"ताई, पैसे तुम्ही काढलेत का?"

"न्हाई साहेब."

"कुणाला पिन सांगितलात?"

"मालकांनाबी सांगितला न्हाई. अब्बांनी सांगितलं व्हतं, बेटी, ही आपली दोघांची गोष्ट."

"दुसरं कार्ड?"

"काडलं न्हाई. बँकेला विचारा."

बँकेला विचारलं. दुसरं कार्ड दिलेलं नव्हतं. आरोपी खोटं बोलताना सहसा एका प्रश्नाला तीन उत्तरं देतो. ही एका प्रश्नाला एकच उत्तर देत होती. बाहेर आल्यावर हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, ही न्हाई." मलाही तसंच वाटत होतं, पण वाटण्यावर केस उभी राहत नाही.

ठाण्यात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे मशीन लावून कार्डाची नक्कल केली असेल, कुणी म्हणे पुण्याच्या सायबरकडे पाठवून देऊ. पाठवलं असतं तर कागद फिरत राहिले असते आणि ती पिशवी मंचरला पोचली असती. मी विचार केला की मुद्देमालाबद्दल, म्हणजे त्या कार्डाबद्दल सगळे बोलताहेत, पाहिलाय कुणी? चाचांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

पडद्यावर चाचा आले. चेहरा उतरलेला. बरोबरचे लोक जेवू-खाऊ घालत होते, पण आयुष्यभर दुसऱ्याला चहा पाजलेल्या माणसाला ते जड जात होतं.

"चाचा, कार्ड दाखवा बरं मला."

गळ्यातलं कापडी पाकीट चाचीने स्वतः शिवलं होतं, इतकं घट्ट की कार्ड निम्मंच बाहेर यायचं. त्यांनी ते ओढून काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. बँक तीच, रंग तोच. मी म्हटलं, "नाव वाचा."

"इंग्रजी हाय साहेब. मला मराठी आन् उर्दू येती."

मग मीच वाचलं. कार्डावर एका बाईचं नाव होतं, आडनाव आंबेगावच्या बाजूचं. खोलीतले सगळे माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावले.

"चाचा, हे कार्ड तुमचं नाही."

चाचा आठवून आठवून सांगू लागले. निघायच्या आदल्या दिवशी सून सामान भरण्यात गुंतली होती, म्हणून ते एकटेच एटीएमला गेले. तिथे एक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस भेटला, त्याने नावाने हाक मारली. 'चाचा, उमराहला निघालात, मुबारक हो,' म्हणाला. 'कार्ड परदेशासाठी चालू केलं का? न्हाईतर तिकडं चालायचं न्हाई.' गोष्ट खरीच आहे, चालू करून घ्यावंच लागतं. त्याची हुशारी त्यातच होती, निम्मं खरं बोलायचं. त्याने कार्ड घेतलं, बटणं दाबली, चाचांना पिन टाकायला लावला आणि 'झालं' म्हणून कार्ड परत दिलं. परत दिलं ते दुसऱ्याचं, बंद पडलेलं.

"ओळखीचा होता का?"

"नाव घिऊन बोलला साहेब. नाव घिऊन बोलणाऱ्याला अनोळखी कसं म्हणायचं?"

आमच्या भागातल्या माणसाची चूक ती हीच. शहरातला माणूस एटीएममध्ये मागे वळून बघतो. आमच्याकडे कुणी नावाने हाक मारली की तो घरचाच होतो, आणि घरच्याला 'तू कोण' असं विचारणं म्हणजे अपमान.

धाकट्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तो मानूस भाभीनंच पाठवला असंल." म्हणजे माणूस हाती लागल्याशिवाय तिची सुटका नव्हती. हवालदार बाईंनी त्याला समज दिली की तपास पूर्ण होईपर्यंत ती घरातून हलता कामा नये. पिशवी दाराजवळच राहिली.

कार्डावरच्या बाईंचा पत्ता बँकेकडून मिळाला. निरगुडसर. आम्ही गेलो. बाई साठीच्या, बोलायला मोकळ्या. लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जाऊन आल्या होत्या. तिकडे कार्ड चाललं नाही, इकडे खातं रिकामं झालं.

"तक्रार का केली नाहीत?"

"मला वाटलं पोरानंच काडलं असंल. तवापास्नं आमी दोघं बोलत न्हाई."

तो मुलगा गोठ्यात उभा राहून ऐकत होता. मी बाईंना सांगितलं की तुमच्या पोराने काही केलेलं नाही. त्या खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. तो आत येऊन त्यांच्याजवळ बसला. म्हणजे त्या चोराने एक घर आधीच फोडून ठेवलं होतं. आता मला त्याला धरायचाच होता.

निघताना माझं लक्ष कडब्याच्या गंजीकडे गेलं. गंजीवर जुना फ्लेक्स झाकलेला, आणि फ्लेक्सवर याच बाई, डोळ्यांवर गॉगल, मागे विमान. 'परदेशवारीस हार्दिक शुभेच्छा.' खाली जायची तारीख, यायची तारीख, पुतण्याचा फोटो आणि मित्रपरिवार.

"एटीएममधला माणूस काय बोलला होता तुमच्याशी?"

"मावशी, जर्मनीला कधी निघायचं, म्हनला. मला वाटलं पुतन्याचा दोस्त."

जुन्नरच्या चौकात चाचा-चाचींचा फ्लेक्स मी स्वतः पाहिला होता. तो लावला होता धाकट्यानेच. त्यावर आई-वडिलांपेक्षा त्याचा स्वतःचा फोटो मोठा होता. चोराला लागेल ती सगळी माहिती आमची माणसं चौकात, रंगीत अक्षरांत, स्वखर्चाने लावत होती.

मग आम्हीही एक फ्लेक्स लावला. आमच्या ठाण्यात इंदापूरकडून नुकतेच बदलून आलेले एक हवालदार होते, या भागात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांना फेटा बांधून फोटो काढला. 'प्रगतशील शेतकरी, आधुनिक फूलशेतीच्या अभ्यास दौऱ्यासाठी हॉलंडला रवाना होत असल्याबद्दल अभिनंदन.' फ्लेक्स कळंबच्या चौकात चढला. त्यांच्या बायकोने फोनवर विचारलं म्हणे, "मला न सांगता कुठं निघालाय?" पुढचे काही दिवस ठाण्यात त्यांना कुणी हवालदार म्हणालं नाही, सगळे 'प्रगतशील' म्हणत.

'प्रगतशील' रोज पांढरी टोपी घालून एटीएमला जायचे आणि मशीनसमोर गोंधळायचे. आमचे दोन जवान समोरच्या रसवंतीत बसून असायचे. काही दिवस कुणीच आलं नाही. रस पिऊन पिऊन जवान कंटाळले. मग एका दुपारी इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस मोटारसायकल लावून, हेल्मेट काढून आत शिरला.

"दादा, तुमीच न्हवं का हॉलंडला निघालेलं? फ्लेक्स लई भारी झालाय राव."

"व्हय की," आमचे हवालदार म्हणाले. "पर ह्यो कार्डाचा घोळ काय उमगंना."

"द्या हिकडं. परदेशासाठी चालू करून देतो."

कार्ड त्याच्या हातात गेलं, दुसरं परत आलं, आणि हवालदारांनी त्याचं मनगट धरलं. झडतीत रबर लावलेली कार्डांची चळत मिळाली. पंचांसमक्ष पंचनामा केला. चाचांचं कार्डही त्यातच होतं. मोबाईल उघडला तर त्यात नारायणगावपासून मंचरपर्यंतच्या चौकांतले फ्लेक्स, एकामागून एक.

चौकशीत तो आवाज चढवून बोलला नाही. मारहाणीची गरजच पडली नाही, तो सगळं सांगायला बसलाच होता.

"साहेब, मी कुणाच्या घरात घुसलो न्हाई. नाव, गाव, कवा जानार, कवा येनार, समदं त्यांनीच लिवलेलं. भायेर गेलेला मानूस कार्ड चाललं न्हाई की परदेशाला दोष देतो. परत येईस्तवर मला टाईमच टाईम."

"चाचांच्या घरातल्या कुणी तुला पिन सांगितला का?"

"कोन सांगंल? म्हाताऱ्यानं माझ्याम्होरंच दाबला की."

हे वाक्य मी धाकट्याला समोर बसवून ऐकवलं. त्याच्या फ्लेक्सचा फोटो आरोपीच्या मोबाईलमध्ये दाखवला. तो मान खाली घालून निघून गेला. दोषारोपपत्र वेळेत गेलं, रक्कमही बरीचशी हस्तगत झाली.

चाचा-चाची परत आल्यावर त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. मी आणि हवालदार बाई गेलो. खजूर आणि मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी समोर आलं. पुण्याचा मोठा मुलगाही आला होता. सगळे बसल्यावर चाचांनी नवीन कार्ड काढलं आणि सगळ्यांदेखत सुनेपुढे धरलं.

"बेटी, पहिल्यासारखंच तूच बघ."

तिने हात पुढे केला नाही. ती सासऱ्यांशी बोलली, पण बघत होती नवऱ्याकडे आणि दिराकडे.

"अब्बा, मी बघीन. पर ह्या दोघांनी मला एक डाव विचारायला पायजे व्हतं. पैसं तू काडलंस का, एवडंच. घरात कुनी विचारलं न्हाई, पिशवी भरायला सांगितली. ह्या साहेबांनी विचारलं. पोलीस असून विचारलं."

मोठ्याने मान वर केली नाही. धाकटा मात्र उठला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "भाभी, चुकलं माझं." मग तिने सासऱ्यांच्या हातून कार्ड घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमीबी बोला." तो बोलला. काय बोलला ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

नोकरीभर लोकांना मी असंख्य प्रश्न विचारले. प्रश्न विचारणं म्हणजे पोलिसांचा धाक, असंच बहुतेकांना वाटतं, आणि मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. संशय आलेल्या माणसाला समोर बसवून सरळ विचारणं हा त्याचा मान असतो, हे मला त्या घरात कळलं. माझ्याबद्दल वरिष्ठांनी गोपनीय अहवालात काय काय लिहिलं ते मी विसरलो. 'पोलीस असून विचारलं' हे मात्र मी माझ्या नातवंडांनाही सांगतो.