खांदे कुणाचे?

दिगंबर गेला, ही बातमी मला अहमदपूरच्या बसस्टँडवर फोनवर कळली. त्याची बायको, सुलोचनावहिनी, बोलत होती. रडणं आवरून म्हणाली, "मास्तर, लवकर या. भावकी जमली हाय, आन् ह्यांना वावरातच न्यायचं म्हणून राहिलेत..." कंधारच्या गाडीत चढलो होतो, तसाच खाली उतरलो आणि गावाकडची जीप धरली. रडू नंतर आलं. आधी संताप आला.

आमच्या गावात जमीनवाल्यांचं सरण त्यांच्याच शेतात रचतात. आम्हा बौद्धांना आणि ज्यांना वावर नाही त्या सगळ्यांना ओढ्याकाठचा एक चिमूटभर तुकडा. दिगंबर बागायतदाराच्या घरातला. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो आणि तिथून म्हातारे होईस्तोवर भांडलो. मरणावर बोलायची त्याला भारी हौस. "मास्तर, सुख माणूस कोपऱ्यात बसून एकटा खातो. दुःखाला शेजारी लागतो. आन् मेलेल्याला तर सोताच्या पायानं जाता येत न्हाई, चार खांदे लागतेत. त्यातूनच गाव वसलं बघ." मी म्हणायचो, "लई शहाणा! खांदे कुणाचे, हे तुझं गाव जन्माआधीच ठरवून ठेवतं, त्याचं काय?" मग तो हात जोडायचा... आणि जिंकल्याच्या आनंदात चहा मी पाजायचो.

माझी आई ऐन श्रावणात गेली. ओढा चढलेला, सरण रचायला कोरडी जागा नाही. दिगंबर म्हणाला, माझ्या वावरात चला. त्याच्या भावांनी आम्हाला बांधावरच अडवलं. दुःखाचं कारण शोधा, असं बुद्धानं सांगितलं. आमच्या गावात ते शोधावं लागत नाही, हात आडवे करून समोर उभं असतं. चिखलात दगड टाकून, टायर आणि रॉकेल घालून आईला कसंबसं जाळलं. दिगंबर शेवटपर्यंत त्या चिखलात उभा होता. परतताना म्हणाला, "माझं हितंच करायचं. शब्द दे." मी दिला.

मी पोचलो तेव्हा त्याचा धाकटा भाऊ अंगणात ओरडत होता, "वावर असताना ओढ्याला नेऊन आमचं नाक कापता का?" आमच्यातलाही एक म्हातारा कुरकुरला, "आधीच जागा एवढीशी, त्यात आता तुमचे बी?" तसल्या वेळी मला हसू आलं. दिगंबरला हे फार आवडलं असतं. वहिनी पदर खोचून तिरडीपाशी आली. "भावजी, तुमचं नाक तुमच्यापाशी ठेवा. माणूस माझा हाय." पुढचा एक खांदा तिनं दिला, दुसरा मी. मागं त्याची लेक आणि तो कुरकुरणारा म्हातारा. भाऊ दारातच राहिला.

याला महिना झाला. आता ग्रामपंचायत ओढ्याकाठी शेड बांधणार म्हणे! इतकी वर्षं अर्ज करून आमचे जोडे झिजले, तेव्हा कुणाला पाझर फुटला नाही. एक जमीनवाला तिथं जळला आणि लगेच पत्रे आले. शेड आम्ही घेणार, सोडतो काय? हक्काचं आहे. पण शेडला दिगंबरचं नाव द्या, असं भावकीचं म्हणणं... तीच भावकी! मी सरपंचाला तोंडावर सांगून आलो : नावं लिहायचीच असतील, तर आजवर त्या चिखलात जळलेल्या सगळ्यांची आधी लिहा. जागा उरली तर शेवटी दिगंबरचं. त्याला चालेल.