साखरेआधीची ओळ

हरिहरेश्वरच्या रस्त्याला आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. पाहुणे गेले की मी खोली तपासते आणि काय राहिलं ते वहीत लिहिते. चार्जर, ओला टॉवेल, एका पायाची चप्पल, चष्म्याचं घर. मग फोन करून कळवते आणि वस्तू कुरिअरने पाठवते. पुस्तकं मात्र कुणी परत मागत नाही. ठेवा काकू, कुणीतरी वाचेल, असं म्हणतात. म्हणून जेवणाच्या पडवीत एक फळी ठोकली.

फळीवर सगळ्यात जास्त जमली ती एकाच जातीची पुस्तकं. इंग्रजी, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, मधे फोडलेलं डाळिंब किंवा काटेरी फुलांचा मुकुट. कॉलेजच्या मुली घेऊन येतात, किनाऱ्यावर बसून वाचतात, पानांत वाळू ठेवून जातात. मी वहीत त्यांची नोंद 'डाळिंबवाली' अशी करायचे.

ती उघडली माझ्या पुतणीने. धाकट्या दिराची थोरली मुलगी, शेजारच्याच घरात राहते, श्रीवर्धनला कॉलेजात जाते. शनिवार-रविवार गर्दी असली की माझ्या हाताखाली येते. मोबाईलवर शब्दांचे अर्थ बघत तिने पहिलं पुस्तक दोन महिन्यांत वाचलं, दुसरं तीन आठवड्यांत. मग सुका जवळा निवडताना ती मला गोष्टी सांगायला लागली. ग्रीक लोकांच्या देवांच्या जुन्या कथा, पण आताच्या बायकांनी नव्याने लिहिलेल्या, आणि सगळ्यांत प्रेमप्रकरण.

डाळिंबाची गोष्ट अशी. धान्याच्या देवीची मुलगी फुलं तोडत असते. जमीन फाटते आणि पाताळाचा राजा, तिच्या बापाच्या संमतीने, तिला उचलून नेतो. आई रागाने पीक यायचं बंद करते. शेवटी देव म्हणतात, मुलीला परत पाठवा. पण तोवर तिने पाताळातले डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात आणि तिथलं जो खाईल तो तिथलाच. म्हणून तिला दर वर्षी काही महिने खाली राहावं लागतं.

नव्या पुस्तकांत ती त्या राजाच्या प्रेमात पडते. मला हे पटलं नाही. ज्याने पळवलं त्याच्यावरच प्रेम करायला लावायचं, वर कव्हरला सोनेरी रंग द्यायचा. मी तसं स्पष्ट सांगितलं. ती जवळ्यातला कचरा वेचत म्हणाली, "काकी, जुन्या गोष्टीत तिला कुणी एक शब्द विचारत नाही. बाप ठरवतो, राजा नेतो, आई रडते. या बायकांनी निदान तिला विचारलं. दाणे ती स्वतः खाते, माहीत असून."

मी म्हटलं, जवळा नीट बघ, खडे राहतायत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माणगावहून तिला स्थळ आलं. मुलगा कारखान्यात नोकरीला, घरची भातशेती, निर्व्यसनी. आमच्या भावकीत कार्य कुणाचंही असो, यादी माझी असते. कुणी सांगितलं म्हणून नाही. एकदा एका लग्नात भटजी आले आणि पाट नव्हता, तेव्हापासून. पाहण्याच्या कार्यक्रमाचीही मी यादी केली. पोह्यांना किती नारळ, खुर्च्या कुणाकडून, तिच्या धाकट्या बहिणीला पाहुण्यांच्या नजरेआड कुठल्या खोलीत बसवायचं. शेवटून दुसरी ओळ होती: पाहुण्यांचा होकार. शेवटची: साखर.

आमच्याकडे पोहे-चहा कुणालाही देतात, त्याला अर्थ नसतो. साखरेला असतो. मुलाकडच्यांनी पसंती सांगितली की घरातली वडीलधारी बाई मुलीच्या तोंडात चिमूटभर साखर घालते. ती गिळली की ठरलं. मग याद्यांचा दिवस धरायचा आणि दोन्हीकडच्यांनी बसून कोण काय करणार ते लिहायचं.

हल्ली मुलामुलीला पाच मिनिटं बोलायला देतात. आम्हीही दिली, सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या त्या खळ्यात. नंतर कळलं, इथे कुठल्या कंपनीची रेंज येते हे त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. आत आल्यावर मुलाचे मामा म्हणाले, आम्हाला मुलगी पसंत आहे. माझ्या वहीत पुढची ओळ साखर होती. मी उठले, वाटी घेतली, पुतणीच्या तोंडात साखर घातली आणि ओळीवर खूण केली.

चौथ्या दिवशी ती खोल्यांच्या चादरी बदलायला आली. उशीचा अभ्रा घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकी, ते दाणे तुम्हीच भरवलेत मला."

मी विचारलं, मग तेव्हाच 'नको' का म्हणाली नाहीस.

"तोंडात साखर असताना कसं म्हणू?"

तिला शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं, मग बी. एड. करायचं होतं. मुलाबद्दल तक्रार नव्हती. मुलाला ओळखतच नव्हती, तर तक्रार कसली. लग्न वैशाखात धरायचं चाललं होतं आणि परीक्षा त्याच सुमाराला. मुलगा पुढे शिकू देईल, असं मामा म्हणाले होते. मुलगा काही म्हणाला नव्हता.

त्या दुपारी मी जुन्या वह्या काढल्या. मुंजी, लग्नं, साखरपुडे. हळदीला आंब्याची पानं किती इथपर्यंत सगळं होतं. मुलीला विचारणे अशी ओळ एकाही यादीत नव्हती. माझ्या स्वतःच्या लग्नाची यादी सासऱ्यांच्या हातची आहे. तिच्यातही नव्हती.

दिराला आधी घरातच सांगितलं. चारचौघांत कुणाला तोंडघशी पाडायची मला हौस नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वयनी, साखर खाल्लीय तिनं. आता काय थुकायची हाय?" पोरगी साखर खाऊन फिरली म्हटल्यावर धाकटीला कोण विचारणार, हे त्याचं खरं भय होतं. ते खोटं नव्हतं. जाऊ चुलीकडे तोंड करून बसली होती. रविवारी माणसं येणार होती आणि याद्या मला लिहायच्या होत्या.

रविवारी आली. मुलाची आई, मामा, मुलगा. ओटीवर सतरंजी घातली. मी चष्मा लावला, वर 'श्री' लिहिलं आणि पहिली ओळ लिहून मोठ्याने वाचली: मुलीला विचारणे.

मामांना वाटलं चेष्टा आहे. म्हणाले, काकू, आम्ही माणगावात कार्यालय बघून आलो, आता कसलं विचारता.

मी म्हटलं, "तारीख मोकळी आहे का, हे कार्यालयाला विचारलंत ना? तसंच हिला विचारू."

दीर दातांवर दात ठेवून म्हणाला, तोंड गोड झालंय तिचं.

"भावोजी, साखर मी भरवली. माझी चूक झाली. ती दुरुस्त केल्याशिवाय मी पुढची ओळ लिहिणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लिहायची असेल तर ही वही मिळणार नाही."

मुलाची आई म्हणाली, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी म्हटलं, आमच्याही वेळी नव्हतं.

जावेनेच मुलीला बाहेर आणलं. दंडाला धरून नाही. पाठीवर हात ठेवून आणलं, हे मी बघितलं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "तुला हे लग्न करायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण एकदाच म्हणाली आणि थांबली. मग मुलाकडे बघून, "तुमचं काही चुकलं नाही."

मुलाने मान हलवली. पाहुणे चहा न घेता गेले. मी ओळीवर खूण केली, खाली उत्तर लिहिलं आणि वही मिटली.

त्यानंतर गावात जे बोललं जायचं ते बोललं गेलं. निम्मं माझ्यावर, निम्मं फळीवर. इंग्रजी पुस्तकांनी पोर बिघडवली, पर्यटकांची घाण घरात कशाला ठेवता. दीर अंगणात उभा राहून म्हणाला, ती पुस्तकं बंबात घाला. मी सुताराला बोलावून दुसरी फळी ठोकून घेतली, पहिलीच्या वर, रस्त्यावरून दिसेल अशी.

पुस्तकांना नावं ठेवणाऱ्यांनी ती वाचलेली नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी आता वाचते, पुतणी अडलेले शब्द सांगते. त्या पुस्तकांतली मुलगी नाही म्हणतच नाही. ती हो म्हणते, तेही पाताळाच्या राजाला! मला अजून तो राजा आवडत नाही आणि शेवटची चाळीस पानं नुसती मिठ्यांची आहेत. पण त्याआधी एक पान असतं, प्रत्येक पुस्तकात वेगळ्या जागी, जिथे सगळे गप्प होतात आणि ती काय म्हणते ते ऐकतात. त्या पानासाठी फळीवरची जागा मी देईन. आमच्या अख्ख्या भावकीच्या वह्यांत ते पान नव्हतं.

भावकीतल्या एका घराने पुढच्या लग्नात मला निरोप पाठवला: यादी करा, पण ती पहिली ओळ नको. मी नकार कळवला. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली. लग्नात अंतरपाट विसरला. नवऱ्याच्या आत्याची शाल धरून मंगलाष्टकं झाली. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

दीर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. जाऊ मात्र परसातून यायची, कधी ताजी कोलंबी, कधी आळूची पानं, आणि न बसता जायची. पुतणीने शेवटचं वर्ष पुरं केलं. आता बी. एड. करते.

मागच्या आठवड्यात तिला पुन्हा स्थळ आलं, म्हसळ्याचं. दिराने स्वतः विचारलं नाही, जावेकडून निरोप धाडला: वयनीला सांग, पोरीला इचारून घ्या, मग पाव्हण्यांना कळवतो. मी विचारलं. ती म्हणाली, दोन महिने द्या, विचार करते.

वहीत मी तेवढंच लिहिलं आहे. साखरेची ओळ अजून लिहिलेली नाही. घाई असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.