फाटकावरची पाळी

खासगी सुरक्षा एजन्सीचा परवाना ऑफिसात दर्शनी भागात लावावा लागतो. कायद्यातच तसं आहे. माझा कणकवलीच्या ऑफिसात भिंतीवर आहे, काचेच्या फ्रेममध्ये, आणि मी माझी खुर्ची अशी ठेवली आहे की तो पाठीमागे येतो. येणाऱ्याला तो दिसतो, मला दिसत नाही. लोकांना वाटतं, मांडणी छान केलीय बाईंनी.

लग्नाआधी मुंबईत एका एजन्सीत मी फायली सांभाळायचे. तिथे मी गार्डांपेक्षा कागदच जास्त पाहिले. सासरी आले, किनाऱ्यावर रिसॉर्टं उभी राहायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, हे काम मला येतं. परवाना माझ्या नावावर काढला. त्यासाठी मारलेल्या खेपा सांगत बसले तर रडू येईल, त्यामुळे नको. एवढंच सांगते, की प्रत्येक गार्डाची पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, फोटो, आणि शेवटी अपघात विम्याच्या यादीत त्याचं नाव, हे सगळं माझ्याकडे एका माणसाला एक फाइल असं लावलेलं होतं. मला त्याचा माज होता. माजच म्हणते, दुसरा शब्द नाही.

मालवणच्या बाजूला एका रिसॉर्टच्या फाटकावर माझा एक गार्ड होता. दोघे भाऊ, आई आणि थोरल्याची बायको-मुलगी असं घर. थोरला माझ्याकडे, धाकटा माडावर चढणारा पाडेली. नोकरी पक्की झाली त्या दिवशी दोघेही ऑफिसात आले. थोरला म्हणाला, "वयनी, दोगांचीय नावां घाला. कधी मी उभो रवान, कधी हो."

मी हसले. एका जागेला एकच नाव लागतं, म्हटलं. दुसऱ्याची पडताळणी करा, त्याला ट्रेनिंगला पाठवा, विम्यात घाला, आणि जागा मात्र एकच. कोण करणार हा उद्योग? धाकटा फ्रेमकडे बघत होता.

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आमच्याकडे देवळातली पाळी घराला असते. पालखीला खांदा, दिवटी धरणं, जागर, जे काय असेल ते घराचं काम. यंदा कुठला भाऊ आला हे कुणी विचारत नाही; घरचं माणूस आलं की मान पोचला. नोकरीही तशीच, घराची. थोरल्याला ताप आला, बाजाराला कसालला जायचं झालं, की धाकटा त्याचा शर्ट घालून फाटकावर. शर्ट त्याला खांद्यात तटतटायचा, कारण माडावर चढून खांदे ते तसे झालेले.

मी हे पाहिलं होतं. एकदा नाही, चार-पाच वेळा. पहिल्यांदा गाडी थांबवून विचारलं, "भाऊ खंय?"

"कणकवलेक गेलो आसा. चेडवाच्या अ‍ॅडमिशनाक."

"आणि तू?"

"घरातलो माणूस उभो आसा मगे. फाटक उघडा थोडाच पडलाहा?"

फाटक उघडं नव्हतं, हे खरं. रिसॉर्टच्या मालकाची तक्रार नव्हती, हजेरीपटावर खाडा नव्हता. दुसऱ्या एजन्सीवाल्यांचे गार्ड न सांगता गायब व्हायचे, माझी ही जागा कधी रिकामी पडली नाही. त्याचं श्रेय मी घेत होते. रजिस्टरात थोरल्याच्या नावापुढे सही असायची, अक्षर धाकट्याचं.

ते फाटक रुळावरून सरकणारं, लोखंडी, भलंमोठं. खाऱ्या वाऱ्याने रूळ खाल्लेला, टोकाचा अडसर केव्हाच तुटलेला. थोरल्याने मालकाला दोनदा सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं. मी मालकाला फोन केला आणि माझं काम झालं असं समजले. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पर्यटकांची बस आली, धाकट्याने घाईत फाटक ओढलं, ते रुळाच्या बाहेर गेलं आणि त्याच्या अंगावर आडवं झालं. त्याला गोव्याच्या हॉस्पिटलात नेलं. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पाडेल्याचा पाय. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून एवढाच विचार करत होते असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी दुसराच हिशोब करत होते. यादीत नाव नाही म्हणजे विमा नाही. आणि जबाबात तो ड्युटीवर होता असं आलं, तर बिनपडताळणीचा, बिनप्रशिक्षणाचा माणूस गणवेशात उभा केला म्हणून परवाना धोक्यात. परवाना गेला तर बाकीच्या सगळ्या गार्डांची घरं बसणार. बाकीच्या घरांचं कारण मी स्वतःला फार पटकन दिलं.

तेवढ्यात थोरला आला. हळूच म्हणाला, "वयनी, माझा नाव सांगा. माका लागला म्हणान सांगा. कार्डार माझोच फोटो आसा, आमी दोगव सारकेच दिसतो."

"आणि तुझे दोन पाय कंपनीच्या माणसाला कसे दाखवू?"

वर मी त्याला सुनावलं की ही फसवणूक आहे, असलं खोटं मी करणार नाही, माझ्या फायलीत आजवर एक खोटा कागद नाही. केवढ्या तोऱ्यात बोलले मी!

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा जबाब मीच लिहून नेला. "मी माझ्या भावास जेवणाचा डबा देण्यासाठी गेलो असता, सदर फाटक माझ्या अंगावर पडले." सदर, असता, सगळं व्यवस्थित. हे खोटं मला चाललं, कारण ते माझ्या बाजूचं होतं. विम्याचे पैसे त्याला नसतेच मिळाले, पण तो कामावर होता हे एकदा कागदावर आलं असतं, तर कामगार भरपाईसाठी तो माझ्यावर दावा लावू शकला असता. विमा असो नसो, कायद्याने ती मला द्यावीच लागली असती. हे त्या वॉर्डात मला एकटीलाच माहीत होतं. मुंबईला याच तर फायली मी सांभाळल्या होत्या.

त्यांच्या आईने विचारलं, "हेच्यान चेड्याक कायतरी गावात मां?" तिच्या लेखी पस्तिशीतला मुलगा अजून चेडोच, पोरगाच होता. मी म्हटलं, काही मिळतं का बघूया. ती म्हणाली, "तुमी शिकलेली. तुमी सांगशात तसा." धाकट्याने न वाचता सही केली. त्याचं अक्षर मी रजिस्टरावरून ओळखत होते.

गणवेशाचा शर्ट थोरल्याकडून पिशवीत घालून मी घरी आणला. त्याच्या खांद्यावर माझ्या एजन्सीचा बिल्ला होता. पोलिसांनी शर्टाबद्दल विचारलंच नाही. सगळ्यांनाच डब्याची गोष्ट सोयीची होती. मालकाला तर फारच. त्याने आठ दिवसांत नवीन फाटक बसवलं.

कुबड्या मी घेऊन दिल्या. गावात त्याबद्दल माझं कौतुक झालं. पुढे परवान्याच्या नूतनीकरणाला तपासणी झाली, तेव्हा साहेब फायली चाळत म्हणाले, "मॅडम, इतकं चोख काम मी जिल्ह्यात पाहिलं नाही." मी चहा मागवला.

गेल्या महिन्यात धाकटा ऑफिसात आला. एकटाच, त्यांच्या कट्टा गावाहून एसटीने, आणि मग कुबड्यांवर आमचा जिना चढून. घामाघूम झाला होता. समोर बसला, थोडा वेळ फ्रेमकडे बघितलं.

"वयनी, माडार चढाक मेळना नाय. माका खुर्चेर बसवा खंय तरी. गाडयेचे नंबर लिवूक पाय कित्याक व्हये? लिवूक वाचूक येता माका." मग म्हणाला, "आता तरी माझा नाव लिवा."

एरवी मी त्याच्याशी मालवणीतच बोलत आले. त्या दिवशी तोंडातून ऑफिसची मराठी आली. "गार्ड शारीरिकदृष्ट्या सक्षम असावा लागतो. नियमात बसत नाही."

"कंच्या नियमात?"

मी छापील कागद काढून समोर धरला. त्याने ओळीखाली बोट ठेवून सावकाश सगळं वाचलं. मी वाट बघत होते, की तो आता तरी चिडेल, जबाबाचं काढेल, डब्याचं काढेल. त्याने कागद नीट घडी करून मला परत दिला.

"तेवा माझे दोनव पाय होते, वयनी," तो म्हणाला. "तेवा कित्याक लिवलास नाय?"

मी त्याचीच फाइल शोधत असल्यासारखा कपाटाचा खण उघडला. त्याच्या नावाची फाइल नव्हतीच.