वडिलांची ॲम्बॅसेडर आणि माझी आठशे

सोसायटीने एका फ्लॅटला एकच गाडी असा नियम केला, तेव्हा चेअरमन मला म्हणाले, "मॅडम, आपण एकट्या. दोन्ही गाड्या एकदम चालवता का?"

धायरीतल्या आमच्या पार्किंगमध्ये माझ्या दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या असायच्या. वडिलांची ॲम्बॅसेडर आणि मी शिक्षिकेच्या पगारातून घेतलेली लाल आठशे. ॲम्बॅसेडरचा गिअर स्टिअरिंगलाच, पुढची सीट बाकासारखी सलग. घरातले आम्ही सातजण तीत मावायचो. मला मात्र वडील ती चालवू देत नसत. "तुझ्या हातांना नाही झेपायची," म्हणायचे. आठशे दोन बोटांनी वळते. निवृत्त होईपर्यंत तिच्यातूनच शाळेत गेले, बहुतेक एकटीच.

लोणी काळभोरला एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. ॲम्बॅसेडर त्यांना द्यायची ठरली. मेकॅनिकने ती चालू करून दिली आणि अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा तिच्या स्टिअरिंगवर बसले. पहिल्याच वळणाला हात भरून आले. वडील अगदीच खोटं बोलत नव्हते.

हडपसरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काकू, कुठल्या सालची?" पुढे चहाला थांबले, तर एक आजोबा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "आमची वरात अशाच गाडीतनं आली हुती. अजून चालती हाय व्हय?"

मी सांगत सुटले. इंजिन, रंग, वडील, सगळं. चहा दोनदा झाला. निघताना लक्षात आलं, आठवडाभरात मी कुणाशी एवढं बोललेच नव्हते. आठशेकडे बघून तर आजवर कुणी एक शब्द विचारला नव्हता.

लोणीच्या गृहस्थांना म्हटलं, "माफ करा, द्यायची नाही."

"मग आणलीत कशाला?"

"चालवून बघायची होती."

आठशे एका जुन्या विद्यार्थिनीला देऊन टाकली. ती गेटबाहेर वळेपर्यंत मी बघत राहिले. तेवढी एकच गाडी खरी माझी होती.

आता रविवारी ॲम्बॅसेडर घेऊन खडकवासल्याला जाते. लोक जमतात, विचारतात. परवा एक मुलगी मोबाइल धरून म्हणाली, "काकू, जरा बाजूला होता का? फक्त गाडीच हवीये."

मी बाजूला झाले. फोटो काढून ती थँक्यू म्हणाली आणि मैत्रिणींकडे पळाली. मी एक कणीस घेतलं आणि पाण्याकडे बघत उभ्यानेच खाल्लं.

येत्या रविवारीही जाणार आहे.