डाळ शिजवणारं पाणी

आमच्या घरात पाणी चांगलं की वाईट हे तूर डाळ ठरवायची. नव्या घरी राहायला गेलं की देव मांडायच्या आधी पातेल्यात मूठभर डाळ चढायची. ती लवकर फुटली आणि पळीने घोटल्यावर छान मिळून आली, तर पाणी उत्तम. दाणे कडक राहिले तर पाणी वाईट, घर वाईट, आणि ते घर शोधणाऱ्या माणसाची अक्कलही वाईट. विदर्भातून जबलपूरला आलेली आमच्या ओळखीची बहुतेक घरं हेच करत. मी रसायनशास्त्र शिकले, सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या नोकरीला लागले, तरी घरात माझ्या मताला डाळीच्या खालचीच जागा होती.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या मराठी लोकांनी मिळून अधारतालच्या पुढे जागा घेतली आणि छोटी छोटी घरं बांधली. नळ तिथवर पोचलेला नव्हता, म्हणून सोसायटीने बोअर मारला. पाणी लागलं त्या दिवशी तिथेच, चिखलात, विटांची चूल मांडून डाळ चढवली. सगळ्या घरांतली माणसं भोवती उभी. डाळ इतकी झटकन शिजली की शेजारच्या चुलीवरच्या भाताला अजून आधणही आलं नव्हतं. बायकांनी बोअरला हळदकुंकू वाहिलं, पुरुषांनी नारळ फोडला. माझा दादा सोसायटीचा सेक्रेटरी. जमिनीखाली ते पाणी त्यानेच आधी नेऊन ठेवलं असावं, अशा थाटात तो सगळ्यांचे नमस्कार घेत होता. मीही दोन वाट्या वरण ओरपलं, खोटं कशाला बोलू.

मी तोवर लग्न होऊन सिविल लाइंसच्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. तिथे नर्मदेचं नळाचं पाणी यायचं आणि त्यात शिजवलेल्या डाळीला माहेरची सगळी माणसं नाक मुरडायची.

पुढे काही वर्षांनी प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजायचं नवं यंत्र आलं. हात बसावा म्हणून मी मिळेल ते पाणी त्यात घालून पाहत होते. माहेरून डब्याबरोबर आलेल्या बाटलीतलंही घातलं. आकडा मर्यादेच्या दुपटीच्या वर गेला. यंत्रच बिघडलं असणार म्हणून मी ते पुसलं, जुळवलं, पुन्हा पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं.

फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की आधी दात डागाळतात, मग सांधे आखडतात. आणि खरी मेख पुढेच आहे. पाण्यात चुना कमी असला की डाळ लवकर शिजते, आणि चुना कमी असला की खडकातल्या फ्लोराइडलाही पाण्यात उतरायला रान मोकळं मिळतं. ज्या गुणावर आमची अख्खी सोसायटी भाळली होती, तीच धोक्याची खूण होती. हे कळल्यावर मला हसावं की रडावं ते समजेना.

दादाची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. तिचे दुधाचे दात स्वच्छ होते, पण मला काळजी होती ती न दिसणाऱ्या दातांची. पक्के दात त्या वयात हिरडीच्या आत घडत असतात. तेव्हा जे पोटात जाईल ते त्यांच्यात कायमचं बसतं आणि नंतर पाणी बदलून काही होत नाही. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचीही मला काळजी होती, नाही असं नाही. पण मला वाचवायचे होते ते त्या पोरीचे दात, आणि ते घडून होईपर्यंतचाच वेळ हातात होता.

"काहून खराब राहील पाणी?" दादा म्हणाला. "डाळ पाहून राहिली नं तू आपल्या इथली?"

"डाळीवरून हे कळत नाही, दादा."

"अच्छा! म्हणजे आई-बाबा, सारी सोसायटी बिनडोक, अन् तुझी मशीन तेवढी शहाणी. चलो, उकळून पिऊ. झालं समाधान?"

उकळल्याने जंतू मरतात, हा जंतू नाही, हे मी त्याला समजावलं. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं. वरण फार वेळ उकळत ठेवलं की खारट होतं, तसं. त्याने मान डोलावली. मला वाटलं, पटलं. पुढच्या रविवारी गेले तर सोसायटीच्या फलकावर त्याच्या वळणदार अक्षरात सूचना लावलेली: सर्वांनी पाणी उकळून प्यावे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो मात्र विचारत होता, अक्षर लांबून दिसतं का म्हणून.

कार्यालयात वेगळीच तऱ्हा. मी आकडे घेऊन साहेबांपुढे गेले.

"मैडम, ये सैंपल किसने लिया?"

"मैंने, सर."

"आप तो लैब में हैं. सैंपल फील्ड वाला लेगा, तब मानेंगे."

फील्डवाला म्हणाला, बोअर सोसायटीचा, म्हणजे खासगी. आम्हाला लागू नाही. दुसऱ्या कार्यालयात गेले तर तिथे कॉलनीच अजून त्यांच्या ताब्यात आलेली नव्हती. पुष्कळ हेलपाटे घातल्यावर नमुना रीतसर घेतला गेला, आणि तपासायला आला माझ्याचकडे. आकडा तोच. तेव्हा साहेब म्हणाले, "गर्मी का असर हो सकता है, बारिश के बाद एक बार और देख लेते हैं." पावसानंतर पाहिलं. मग म्हणाले, थंडीत पाहू. कोणी वाईट वागत नव्हतं. चहा पाजत होते, "आपकी चिंता सही है" म्हणत होते. पण नुसतं तपासल्याने पाणी सुधारत असतं तर जगात माझ्याएवढी पुण्यवान बाई दुसरी नसती. मी घरी येऊन भांडी आपटायचे आणि नवरा बिचारा विचारायचा, आज कोणता ऋतू सांगितला?

शेवटी एकदाचा सरकारी फिल्टर आला. सोसायटीच्या पाण्याच्या मोठ्या टाकीशेजारी उभी लोखंडी टाकी, आत पांढरे दाणे. ते दाणे फ्लोराइड धरून ठेवतात. पण त्यांचं पोट भरलं की रसायनाने धुवून पुन्हा रिकामे करावे लागतात, नाहीतर ते आणि रस्त्यावरची खडी सारखीच. हे धुण्याचं काम कोणाचं, असं मी उद्घाटनाच्या दिवशी विचारलं. सगळे हारांच्या गडबडीत होते. पुन्हा नारळ फुटला, पुन्हा दादाने नमस्कार घेतले. सुरुवातीला आकडे इतके सुंदर आले की मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

मग गणपती आले. महाप्रसादाला सगळी सोसायटी जेवायची, आणि फिल्टरमधून पाणी यायचं हळू. दादाने बाजूचा व्हॉल्व्ह उघडला आणि बोअरचं पाणी सरळ मोठ्या टाकीत सोडलं, तेवढ्या दिवसापुरतं. गणपती गेले. व्हॉल्व्ह तसाच राहिला. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा नळाची बाटली भरून आणली, आणि आकडा पुन्हा पहिल्याइतकाच आला.

"दाणे धुवायला कोणी फिरकलाच नाही," दादा म्हणाला. "मी काय करू? अन् त्या पाण्यात चवच नव्हती. लोक कुरकुर करून राहिले होते."

"मग मला सांगायचं नं!"

"तुला सांगितलं की तू भाषण देते."

आम्ही इतके भांडलो की आई फराळाची ताटं घेऊन दारातूनच परत गेली. चिडचिड याची होती की तो खोटं बोलत नव्हता. दाणे धुवायला खरंच कोणी आलं नव्हतं, आणि लोक खरंच कुरकुर करत होते.

त्या दिवसापासून मी सोसायटीचा नाद सोडला आणि एका पोरीपुरतं पाहायचं ठरवलं. आठवड्यातून दोनदा, ऊन असो की थंडी, मी क्वार्टरच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरायची आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून माहेरी पोचवायची. वहिनी कॅन उतरवून घ्यायची. ती बोलायला कमी, पण एकदा ऐकलं की शब्द खाली पडू द्यायची नाही. कॅन स्वयंपाकघरात उंचावर, वर धुतलेलं फडकं. पोरीची शाळेची बाटलीही त्यातलीच. एकदा दादाने तहान लागली म्हणून त्यातून पेला भरला, तर तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला. ती स्वतः बोअरचंच प्यायची. दादा मला फाटकातच हाक मारायचा, "आली का पाणीवाली बाई?" शेजारीपाजारी हसायचे. मी ते सगळं गिळलं. म्हटलं, हसा. एक तरी पोर सुटली.

अशी तीन वर्षं गेली. मग एका रविवारी फाटक उघडतेय तोच ती धावत आली. आमच्या घरातली ही पिढी मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते.

"बुआ, देखो! मेरा बड़ावाला दाँत आ गया! दो-दो!"

मी कॅन खाली ठेवला आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. खालचे समोरचे दोन दात अर्धे बाहेर आले होते. खडूसारखे पांढरे, निस्तेज, आणि दोन्हींवर आडवी पिवळट-तपकिरी रेघ. असे दात मी खेड्यांच्या पाहणीत कितीतरी पाहिले होते. तिला म्हटलं, वा वा, मोठी झालीस. मग सरळ स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, खरं सांगा. हिला बोअरचं पाणी देत होत्या?"

"एक घोट नाही, ताई. देवाशपथ. तुमचंच पिते ती."

"आधीच्या पाण्याने इतकं नसतं झालं. मग हे कसं?" माझा आवाज चढला होता. तेवढ्यात शेगडीवरच्या पातेल्याकडे लक्ष गेलं. "हे वरण कोणत्या पाण्यातलं?"

"वरण तर आपल्याच पाण्यातलं," वहिनी म्हणाली. "तुमच्या पाण्यात डाळ मिळून येत नाही नं. दाणा लागला की ती थुंकून देते."

ती पोर काय खायची? सकाळी वरणभात, संध्याकाळी वरणभात. पोळीला हात लावायची नाही. डाळ पाणी पिऊन फुगायची, भात पाणी पिऊन फुलायचा, वरचं पाणी आटायचं, आणि उरलेलं सगळं, फ्लोराइडसकट, तूप घालून, मऊ कालवून, माझी वहिनी तिला मांडीवर बसवून भरवायची. वर पेलाभर नर्मदेचं पाणी.

मला किंचाळावंसं वाटलं. पण कोणावर? वहिनी हातात पळी घेऊन उभी होती.

"काही चुकलं का माझं?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं, आणि ते शांतपण मला फार जड गेलं. तिने गॅस बंद केला. पातेलं उचलून वरण मोरीत ओतलं आणि वर तांब्याभर पाणी टाकलं.

"हे दोन असे आले," ती म्हणाली. "आजपासून तिचं सारंच तुमच्या पाण्यात करते. बाकीचे तर चांगले येतील नं?"

समोरचे सगळे आत घडून झालेले होते.

"मागच्या दाढा," मी म्हणाले. "त्या चांगल्या येतील."

"मागच्या," वहिनी म्हणाली.

बाहेर अंगणात पोरगी दोन्ही बोटांनी ओठ खाली ओढून शेजारणीला दात दाखवत होती.